कोरडी वाइन, बांगड्याचं कालवण

“हात मागं घे, गंग्या! दर्याच्या आधी तू चाखणार?”

भागोजी तांडेलाची ती आरोळी इंजिनाच्या धडधडीवरून आली होती. गंगाराम तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला पोर, पहिल्यांदाच बोटीवर जेवण रांधायला चढलेला. कालवणाला उकळी आली तशी त्यानं पळी ओठांशी नेली होती, तो हात तिथंच थिजला. मग भागोजी जवळ येऊन उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “पयला घास पाण्याचा. ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याला उष्टं नाय देयाचं. मीठ कमी, आंबट जास्ती, सगळं वाफेवर कळतं. देवानं नाक कशाला दिलंय?”

भागोजी गेला, त्याची बोटही मोडीत निघाली, पण गंगारामनं नेम मोडला नाही. गुडघे कुरकुरायला लागले तसा तो पाण्यावरून उतरला आणि मिरकरवाड्याच्या चढावर बायकोच्या, बकुळाच्या जोडीनं त्यानं खानावळ काढली. तिथंही पहिलं वाढलेलं केळीच्या पानाच्या तुकड्यावर मागच्या गडग्यावर, दर्याकडच्या दगडी कुंपणावर जायचं. ते पान ठेवून झालं की मग माणसांच्या पंगती. तोवर रांधणाऱ्यानं जीभ लावायची नाही. वाफेवर तोंड धरायचं, डोळे मिटायचे, आणि वास सांगेल तसं करायचं. नारळाचा रस फुटायला आलाय का, आमसूल उतरलं का, हळद कच्ची राहिली का. बंदरावर त्याला ‘नाकवाला गंगाराम’ म्हणत. टोपल्यांच्या रांगेवरून नुसता चालत गेला तरी त्यातली कालची टोपली कुठली ते सांगायचा.

ते नाक दोन पावसाळ्यांमागच्या तापात गेलं.

साथ आली होती, घरोघर माणसं अंथरुणाला खिळली होती. बकुळा त्याच्या आधीच्याच वर्षी गेलेली, त्यामुळं उशाशी बसायला कुणी नव्हतं. ताप उतरला. ज्यांचे ज्यांचे वास गेले होते त्यांचे हळूहळू परतले. गंगाराम वाट बघत राहिला. कापूर पेटवून बघितला, डिझेलच्या डब्याचं झाकण काढून बघितलं, सुकटीच्या पोत्यात तोंड घातलं. काही नाही. जग दिसत होतं, ऐकू येत होतं, पण त्याला अंग उरलं नव्हतं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? आणि कुणी विचारलंही नाही, कारण हा माणूस चाखत नाही हे सगळ्या वाड्याला ठाऊक. तो आपला पूर्वीसारखा डोळे मिटून वाफेवर वाकायचा. फरक एवढाच, की आता तो वास घेत नव्हता, झोंबण्याची वाट बघत होता. मिरचीची वाफ नाकाडोळ्यांना झोंबते. झोंबायला नाक चालतं असावं लागत नाही. सगळ्यांच्या मागून स्वतः जेवायला बसला की तिरफळ जिभेवर मुंग्या आणायचं, ओठ बधिर करायचं, आणि तेवढ्यापुरतं त्याला वाटायचं, आहे, काहीतरी आहे. मग दुसऱ्या दिवशी हात थोडा अजून सुटायचा. बांगड्याच्या कालवणात तिरफळ पडतंच. हळूहळू ते सुरमईत पडायला लागलं, मग तिसऱ्यांच्या शिंपल्यांतही.

गिऱ्हाईक मोडलं नाही. बर्फ फोडणारे, जाळी विणणारे, ट्रकवाले, रात्रभर पाण्यावर राहून आलेले लोक. नाकातोंडातून पाणी काढत जेवायचे आणि म्हणायचे, “गंगाभाव, हल्ली हात कसला झणझणीत पडतोय!” गंगाराम हसल्यासारखं करायचा.

मासे साफ करणारी गोदा तेवढी काही म्हणायची नाही. रोज सकाळी नारळ खवून वाटून रस काढला की पातेलं नाकापाशी न्यायची आणि स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणायची, “गोड हाय हां रस.” हे ती पूर्वी कधी म्हणत नव्हती. गंगारामनं कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

अशात कार्तिकात रुचिरा आली.

रुचिरा त्याची एकुलती एक लेक. नाशिककडच्या एका वाइनच्या कारखान्यात पाहुण्यांना वाइन चाखवण्याचं, समजावण्याचं काम करायची. ते काम सोडून आली होती. सोबत कपड्यांची बॅग एक आणि बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी.

“नोकरी सोडलीस? न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही सोडू दिली असती?” ती हसली. “बाबा, ऐका तर. गुहागरला मनिषाताईंची समुद्राला लागून राहण्याची जागा आहे. मुंबई-पुण्याचे लोक येतात. त्या उद्या दुपारी इथं जेवायला येतायत. आपल्या पडवीत. तुमच्या हातचं जेवण आणि प्रत्येक पदार्थाबरोबर मी ओतलेली वाइन. त्यांना पटलं तर त्यांचे पाहुणे त्या इकडे घेऊन येतील. खानावळ खानावळीच्या जागी, ही पडवी माझी.”

“लोक गुहागराहून इथं येणार? बांगडा खायला?”

“तुमचा बांगडा खायला. मी नाशकात सगळ्यांना सांगून आलेय, वासावर स्वयंपाक करणारा माणूस बघायचा असेल तर रत्नागिरीला या.”

गंगारामनं मान खाली घातली. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

मागून गोदा आली, हातात तिसऱ्यांची पाटी. पेटीत डोकावली. “अगो बया! बाटल्या! बकुळावैनी असती तर झाडूच घेतला असता.”

“आईला मी पाजली असती, गोदामावशी.”

“पाजलीस असती! तिच्या हातचा मार खाऊन तू नि तुझा बापूस दोघं खाडीत पळाला असता.”

तिघंही हसली. मग हसू ओसरलं आणि बकुळाची जागा तेवढी मोकळी राहिली.

दुपारची पंगत उठली तशी खानावळीचं फळीचं दार ओढून घेतलं. उद्याचं जेवण आज करून बघायचं ठरलं होतं. गंगाराम चुलीपुढं बसला. गोदा पाट्याशी बसून तिसऱ्या फोडताना गुणगुणत होती, बकुळाच्या तोंडची जुनी ओवी:

दर्या गो माझा बाप, खाडी गो माझी आई
पाण्याच्या या माहेराला दाराला कडी नाई

गंगारामनं तिरफळं हातावर घेतली. थांबला. आज कमी घालावीत असं मनात आलं. पण किती कमी? कमी म्हणजे कुठवर, हे सांगणारंच त्याच्यापाशी कुणी नव्हतं. वाफ झोंबेना, तशी भीती वाटली, सगळं आळणी तर होत नाही ना? मूठ सुटली.

पान गडग्यावर गेलं. मग पडवीत चटई पडली. तिथून उतरती कौलं आणि त्यांच्यापलीकडं बोटींच्या काठ्या दिसत. रुचिरानं उंच दांड्याचे पातळ काचेचे ग्लास पुसून मांडले, बाटली काढली.

“ही कोरडी,” ती म्हणाली.

“पाण्यासारखी ओततेस आणि म्हणे कोरडी!” गोदानं पदर तोंडाला लावला.

“कोरडी म्हणजे गोड नसलेली, मावशी. द्राक्षातली साखर आंबताना सगळी संपून जाते. मागं उरतो आंबटपणा आणि वास. वासच हिचा जीव.” तिनं ग्लास उजेडात धरला. गवताच्या काडीवर ऊन पडावं तसा फिका पिवळा रंग. “दांडीला धरायचं, नाहीतर हाताची ऊब लागते. फार गारही नको, गारठली की मुकी होते.”

तिनं ग्लास गोल फिरवला, नाक आत नेलं, आणि तिचे डोळे मिटले. गंगाराम बघत राहिला. पातेल्यावर वाकलेला आपलाच चेहरा त्याला लेकीच्या चेहऱ्यात दिसला, पण खरा, आतून भरलेला.

“लिंबाची साल,” ती हळूच म्हणाली. “रस नव्हे, साल. हिरवी कैरी, कोय न धरलेली. आणि मागून… तापलेल्या कातळावर पाणी शिंपडलं की येतो ना, तो.”

गंगारामनं घोट घेतला. गार लागलं. मग आंबट, जबड्याच्या कडांना ओढणारं. आणि मग दार उघडावं आणि आत खोलीच नसावी, तसं.

“कशी आहे?”

“चांगली हाय,” तो म्हणाला.

आधी तव्यावरचं पापलेट आलं. त्याला मीठ, हळद नि लिंबू गोदानं लावलं होतं, रव्यात घोळवलंही तिनंच. रुचिरानं घास घेतला, वर घोट घेतला आणि मांडीवर थाप मारली. “हे बघा! तेल कसं धुऊन नेलं हिनं. माशाचा गोडवा मात्र जागच्या जागी. आंबटाला आंबट भेटलं की दोघंही नरम होतात, वाइनचं हे एक कायमचं असतं. फक्त ताटातलं आंबट वाइनपेक्षा वरचढ नको.”

मग तिसऱ्या. ती चावता चावता थांबली. घोट घेतला. पुन्हा एक तिसरी उचलली.

“बाबा, यात तिरफळ?”

“असतं.”

“आपल्यात तिसऱ्यांना कधी…” तिनं वाक्य सोडून दिलं. “बरं. नवीन केलंयत.”

बांगड्याचं कालवण आलं तेव्हा ती उत्सुकतेनं पुढं सरकली. लहानपणी बोर्डिंगच्या गाडीत बसताना ती याच कालवणासाठी रडायची. तिनं भात कालवला, घास घेतला. मग घोट. गंगारामची नजर तिच्या कपाळावर होती. तिथं हळूहळू आठी पडली.

“मेली,” ती म्हणाली.

“कोण?” गोदा दचकली.

“वाइन, मावशी. पाणी झालं तिचं. ओठ बधिर झालेत माझे, त्यावर ती टेकतच नाही. आणि मिरचीवर पडली की नुसती जळते. कडू लागते मागं.” तिनं ग्लास खाली ठेवला. तिच्या आवाजात चिडचीड नव्हती, गोंधळ होता. “असं व्हायला नको. रस गोड आहे, मासा तेलकट, आमसूल आंबट. हिच्यासाठीच केल्यासारखं कालवण आहे हे. मी नाशकात बसून डोक्यात हजारदा जुळवलंय. डोक्यात तर जुळतं.”

“मग दुसरी काढ,” गंगाराम म्हणाला. 

दुसरी बाटली निघाली. रुचिरानं ओतली, चाखली, पुन्हा चाखली. मग नवा ग्लास बापाकडं सरकवला. “तुम्ही सांगा. मी काही बोलत नाही. तुमच्या नाकाला काय येतं ते सांगा फक्त.”

दोघी त्याच्याकडं बघत होत्या. पडवीच्या वाशावर बसलेला कावळासुद्धा बघतोय असं त्याला वाटलं. त्यानं ग्लास नाकापाशी नेला, डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांमागं काळोख होता, बाकी काही नव्हतं. काहीतरी बोलणं भाग होतं.

“लिंबाची साल,” तो म्हणाला. “आणि… हिरवी कैरी.”

 रुचिरानं आपला ग्लास उचलला, वास घेतला. ग्लास फिरवला. पुन्हा घेतला. घोट तोंडात घोळवून पडवीबाहेर जाऊन थुंकून आली, पाण्यानं चूळ भरली, परत चाखली.

“बाबा, नीट बघा ना. लिंबू?”

आता मागं फिरायला जागा नव्हती. “लिंबूच,” तो म्हणाला. “स्वच्छ येतोय.”

ती भिंतीला टेकून बसली. 

“ही लाकडाच्या पिंपात मुरवलेली आहे,” ती म्हणाली. “मला भाजलेला काजू येतो हिच्यात. लोणी येतं. लिंबाचा लवलेश येत नाही.” तिनं ग्लास बाजूला सारला. “म्हणजे गेलं.”

“काय गेलं?”

“तुम्हाला सांगितलं नव्हतं. काळजी कराल म्हणून. त्या साथीच्या तापात सगळ्यांसारखा माझाही वास गेला होता, बाबा. कारखान्यात रजा घेऊन खोलीत पडून होते. रोज लवंग हुंगायची, कॉफी हुंगायची. मग परत आला. सगळे म्हणाले, आला, झालं. पण मला आतून खात्री वाटेना. प्रत्येक ग्लासाला वाटायचं, हा खरा येतोय की मला आठवतोय? म्हणून तर इथं आले. म्हटलं, बाबांच्या शेजारी बसून बघावं. बाबांचं नाक चुकत नाही. दोघांचं जुळलं की समजायचं, आपण बरे झालो.”

गंगारामच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

“कालवण तेच आहे,” ती स्वतःशीच समजावल्यासारखं बोलत होती. “सगळा वाडा जेवतो, वाखाणतो. तुम्ही तेच. वाइन चांगली आहे, मी निवडून आणलीय. मग बदललं काय? मला तिरफळ जास्त लागतं, मिरची जास्त लागते, लिंबू लागत नाही. मीच उरले ना?”

“तसं नसंल गो,” गोदा म्हणाली आणि गंगारामकडं बघितलं. तिनं फक्त बघितलं. तिच्या त्या बघण्यात रोज सकाळचं रसाचं पातेलं होतं.

रुचिरा उठली. “मनिषाताईंना फोन करते. उद्या येऊ नका म्हणते. त्या चार माणसांसमोर माझ्या शब्दावर पैज लावतील, आणि मी काय सांगणार, काय आठवतंय ते? लोकांना फसवायचं नाही मला.” ती पडवीच्या पायरीवर जाऊन पाठमोरी बसली. फोन काढला, नंबर शोधू लागली.

गोदानं ताटं गोळा केली. आत जाताना ती गंगारामपाशी घुटमळली. “पोरीचं तोंड बघितलंत?” एवढंच म्हणाली आणि चुलीकडं गेली.

त्यानं बघितलं होतं. त्याला आठवलं, अंथरुणात पडून त्यानं कापूर हुंगला तेव्हा असाच चेहरा त्याचा झाला असणार, फक्त बघायला कुणी नव्हतं. त्याचं खरंच गेलं होतं. हिचं गेलेलं नव्हतं, आणि तो ते आपल्या हातानं काढून घेत होता. त्यानं अब्रू झाकायला दोन शब्द टाकले होते, ती ते उचलून आपल्या गळ्यात बांधत होती.

आणि सांगितलं तर? उद्या वाड्यात होईल, गंगारामला वास येत नाही. लोक ताटात बोट घालून आधी हुंगून बघतील. फळीचं दार ओढलेलं राहील. सकाळी उठून कुठं जायचं, चुलीपुढं कशासाठी बसायचं? आणि लेक तरी काय करील? नोकरी सोडून आली ती ज्याच्या हातासाठी, तो हातच पोकळ आहे म्हटल्यावर?

पायरीवर फोनची रिंग वाजत असल्याचं बारीक ऐकू आलं.

“बाय,” तो म्हणाला. “फोन ठेव.”

“लागतोय, बाबा. एक मिनिट.”

“ठेव म्हणतो ना.”

आवाज असा निघाला की ती वळली. बापाचा हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिनं फोन बंद केला. गंगाराम उठून तिच्यापाशी आला आणि गुडघे धरून, सावकाश, तिच्या शेजारी पायरीवर बसला. खाली बंदरात कुणीतरी बर्फ फोडत होतं.

“लिंबू नव्हताच त्या बाटलीत,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मला काय ठाऊक, होता का नव्हता. पयल्या बाटलीचं तू सांगितलंस, तेच म्हणून दाखवलं. तिसऱ्यांत तिरफळ नसतं, तुला बरोबर लागलं. कालवणात जास्ती झालंय, मिरचीपण जास्ती झालीय, तुला बरोबर लागलं. तुझ्या वाइनचा दोष नाय, तुझ्या जिभेचा तर मुळीच नाय.” त्यानं श्वास घेतला. तो आत गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला. “जाळ लागला तर कळत नाय मला, भात करपला तर कळत नाय. तुझ्या आईनं शेवटचा कुटलेला मसाला बरणीत राखून ठेवलाय, दर रविवारी झाकण काढून बघतो. त्याचासुद्धा नाय. त्या तापापासनं मला कसलाच वास येत नाय, पोरी.”